रात्रीच्या छायाचित्रातील तेजोवलय

इंदूरला अनंत चतुर्दशीच्या रात्री निघणाऱ्या गिरण्यांच्या झांक्यांचे वर्णन या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपुढे करावयास नको. गिरण्या पुढे बंद पडल्या, हुकुमचंद मिल तर १९९१ मध्येच. झांक्यांची प्रथा मात्र टिकून आहे. ज्या सरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते, त्यांचे मी काढलेले एकमेव छायाचित्र १९८८ सालच्या त्या रात्रीचे आहे. सर दिव्यांच्या माळेखाली उभे आहेत आणि त्यांच्या चेहऱ्यावर प्रकाशाचा पांढरा ढग पसरला आहे. या पुस्तिकेसाठी शाळेने छायाचित्र मागितले, तेव्हा ती निगेटिव्ह मी पुन्हा बाहेर काढली.

सर पदार्थविज्ञान शिकवीत. उत्तर चुकले तरी रागावत नसत. ‘प्रकाश कुठून निघाला आणि वाटेत त्याला कोण कोण भेटले, तेवढे सांग,’ असे म्हणत. मीही त्याच क्रमाने शोध घेतला.

पहिली भेट हवेशी. धुके किंवा धूर असेल तर दिव्याभोवती खरोखरच प्रभा असते. दिवा एखाद्या खांबाआड जाईल असे दोन पावले सरकून पाहावे. खांबाभोवती प्रभा उरली तर ती हवेतली. नाहीशी झाली तर दोष कॅमेऱ्यातला.

भिंगाच्या रक्षणासाठी त्यावर फिल्टर कायम लावून ठेवण्याची अनेकांना सवय असते. रात्री ही सपाट काच नडते. फिल्मवरून, आणि आज सेन्सरवरून, परतलेला प्रकाश तिच्यावर आदळून पुन्हा आत येतो व दिव्याची फिकी प्रतिमा चित्राच्या मध्यबिंदूच्या बरोबर पलीकडे, उलटी उमटते. उपाय एवढाच की फिल्टर काढून ठेवावा.

फिल्मचा स्वतःचाही एक दोष असे. तीव्र प्रकाश रासायनिक थर भेदून फिल्मच्या पाठीपर्यंत जातो आणि तेथून परावर्तित होऊन मूळ बिंदूपासून किंचित अंतरावर पुन्हा थरात शिरतो; म्हणून वलय. ते रोखण्यासाठी प्रकाश शोषून घेणारा लेप दिलेला असतो, पण प्रखर दिव्यापुढे तो अपुरा पडतो. हे वलय दिव्याला लगटून असते. रंगीत फिल्मवर ते लालसर दिसते, कारण तांबडा प्रकाश टिपणारा थर सर्वांत खाली असतो.

माझी फिल्म कृष्णधवल होती आणि दोष फिल्मचाच, असे मी इतकी वर्षे सर्वांना सांगत आलो. परंतु भिंगाखाली पाहता प्रत्येक दिव्याची प्रभा डावीउजवीकडे ओढल्यासारखी, एकाच दिशेने पसरलेली दिसली. काचेवर तेलकट रेघ ओढली गेली की प्रकाश तिच्या काटकोनात फाकतो. त्या रात्री पाऊस भुरभुरत होता, आणि मी भिंग खिशातल्या रुमालाने वरून खाली पुसले होते!

असा फाकलेला प्रकाश मूळ चित्रावर भर घालतो. फिल्म तेथे पूर्ण काळी पडली नसेल तर खालचे चित्र शिल्लक असते. म्हणून प्रत काढताना चेहऱ्याच्या भागाला अधिक वेळ प्रकाश दिला आणि अधिक उठावाचा कागद घेतला. चौथ्या प्रतीत चष्म्याची कड दिसली, सहाव्या प्रतीत भुवया आणि ते अर्धे हसू. डावा गाल अद्याप पांढराच आहे. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूस छापली आहे ती हीच सहावी प्रत.