हत्यारं हाती घेताना : भाग ९
वायरीचं भेंडोळं

ग्राइंडरच्या चकतीवरचे आकडे या आठवड्यात वाचू, असं कबूल केलं होतं. ते पुढच्या भागात. मध्येच उरणजवळच्या करंज्याहून एका वाचकांचा फोन आला. बोटीचे मालक. म्हणाले, "दोन पावसाळ्यांत दोन ग्राइंडर जळाले. कंपनी बदलून बघितली, तरी तेच. आता कुठला घेऊ?" मी म्हटलं, "नाखवा, अजून काही घेऊ नका. मी येतो."

१ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी. या दिवसांत बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, खाली ओंडक्यांचे टेकू, वर ताडपत्री. नारळी पौर्णिमा डोळ्यांसमोर असते, त्यामुळे जुना रंग खरवडणं, फळ्या बदलणं, भोकं पाडणं, घासणं सगळं एकदमच चालतं. मी गेलो तेव्हा द्रोणागिरीवर ढग उतरले होते आणि समोरचं रेवस दिसत नव्हतं. जमीन ओली, हवा ओली, काम करणाऱ्याचा सदराही ओला, आणि त्याच्या हातात २३० व्होल्टचं मशिन.

मशिनकडे मी आधी पाहिलंच नाही. प्लगपासून वायरीच्या मागोमाग चालत गेलो. इतक्या वर्षांत एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे : मशिन हातातून सुरू होत नाही, भिंतीतल्या सॉकेटपासून सुरू होतं. मधली वायर हा मशिनचाच भाग. मशिन घेताना आपण चार दुकानं फिरतो आणि वायर मात्र घरात पडलेली वापरतो.

ओटीवरच्या बोर्डातून निघालेली वायर ५० मीटरची होती. बोट जेमतेम २० मीटरवर. उरलेल्या ३० मीटरचं छान गोल भेंडोळं करून ताडपत्रीच्या घडीखाली ठेवलं होतं, पावसात भिजू नये म्हणून. ग्राइंडर अर्धा तास चालून नुकताच थांबला होता. प्लग काढायला लावला आणि भेंडोळ्यात हात घातला. वरची वेटोळी कोमट. आतली इतकी तापलेली की बोटं ठेववेनात, आणि दोन वेटोळी एकमेकांना चिकटायला लागलेली. साध्या पीव्हीसी वेष्टणाची मर्यादा ७० अंश सेल्सिअस असते.

वायरीच्या अंगावर सगळं छापलेलं असतं. अंगठ्यानं चिखल पुसून वाचलं : १ चौरस मिलिमीटर. दुकानात हिला 'एक एमएम' म्हणतात, पण तो व्यास नव्हे, आतल्या तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ. अशा तांब्याचा रोध किलोमीटरला साधारण १९.५ ओहम. वीज जाते तशी परतही येते, म्हणून ५० मीटर वायर म्हणजे १०० मीटर तांबं, जवळपास २ ओहम. ७ इंची, २००० वॉटचा ग्राइंडर भर कामात ९ अँपिअरच्या आसपास ओढतो. म्हणजे १८ व्होल्ट वाटेतच खर्च, आणि वायरीत १६० वॉट उष्णता. वायर मोकळी पसरलेली असली तर ती उष्णता हवेत निघून जाते. ३० मीटरच्या भेंडोळ्यात मात्र शंभरेक वॉट कोंडतात. जुना १०० वॉटचा बल्ब पेटता ठेवून गोधडीत गुंडाळावा, तसं.

ग्राइंडर जळण्याचं कारणही इथंच. व्होल्टेज कमी पडलं की चकती मंदावते. कारागिराला वाटतं मशिनला जोर नाही, म्हणून तो आणखी दाबतो. दाबलं की करंट वाढतो, वेग आणखी पडतो, आणि त्याच दांड्यावर बसलेला आतला पंखाही मंदावतो. तापणं वाढतं आणि थंड करणारा वारा कमी होतो. वाइंडिंग जळणारच. कंपनीचा काही दोष नाही. हीच वायर 'अडीच एमएम'ची असती तर वाटेतला खर्च ७ व्होल्टवर आला असता. आणि ती २५ मीटरचीच घेतली असती तर त्याच्याही निम्म्यावर.

पण मला जास्त धास्ती वाटली ती वाटेतल्या जोडाची. चिकटपट्टी गुंडाळलेला जोड ओल्या मातीत पडला होता. पट्टी सोडवली तर आतलं तांबं हिरवं-काळं. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे खाऱ्या पाण्यात एकदा भिजलेला जोड उन्हात वाळवला तरी आतून वाळत नाही. किनाऱ्यावर जोडाची वायर वापरूच नये. जोड कापायचा, आणि उरलेल्या अखंड तुकड्याला नवा प्लग लावायचा.

नाखवा म्हणाले, "एमसीबी आहे ना!" हे मी सगळीकडे ऐकतो. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास धरा. २३० व्होल्टला शरीरातून ०.२३ अँपिअर जाईल. १६ अँपिअरच्या एमसीबीला तो ५० वॉटचा दिवा वाटतो. तो पडणारच नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या चार्ल्स डालझील यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून मोजलं होतं : पुरुषांना साधारण १६ मिलिअँपिअरच्या पुढे मूठ उघडता येत नाही. ग्राइंडर तर मुठीतच असतो. याच डालझील यांनी १९६१ मध्ये अगदी थोड्या गळतीला तुटणारं उपकरण बनवलं. आपल्याकडचा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी त्याच तत्त्वाचा. गेलेला आणि परत आलेला करंट तो तोलत राहतो, आणि तफावत दिसली की क्षणात लाइन तोडतो.

ग्राइंडरला दोनच पिना असतात, अर्थिंग लागत नाही का, असंही नाखवांनी विचारलं. चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर लागत नाही, कारण आत दुहेरी इन्सुलेशन असतं. पण जाळीतून खारं पाणी आत गेलं की त्या दुहेरीपणाचा भरवसा संपला. शिवाय त्याच वायरीवर उद्या पाण्याचा पंप लागतो, म्हणून वायर तीन तारांचीच हवी. (जनरेटरवर आरसीसीबीचं गणित बदलतं. त्यावर वेगळा भाग लिहीन.)

त्यांच्या घरी आरसीसीबी होता, बसवल्यापासून कुणी हात न लावलेला. त्यावरचं 'टेस्ट' बटण मी दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं, तरी नाही. लाइन चालू, आणि बाहेर काम करणारा मुलगा ओल्या मातीत अनवाणी उभा.

नवा आणायला वायरमन उरणला गेला. तो परत येईपर्यंत प्लग नाखवांनी स्वतःच्या खिशात ठेवला. चारच्या सुमाराला नवा बसला. मी म्हटलं, तुम्हीच दाबा. त्यांनी दाबलं, टक् वाजलं, पंखा थांबला, आणि आतून आजींचा आवाज आला, "लाइट गेली काय रं?"

"नाय गं," नाखवा म्हणाले, आणि त्यांनी ते पुन्हा एकदा दाबून बघितलं.