विश्लेषण : चिखलात सायकल का घसरते? टायरमध्ये हवा किती असावी?

गोंदिया जिल्ह्यात धानाच्या रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर बांध्यांमधला चिखल रस्त्यावर येतो. याच रस्त्यांवरून शाळकरी मुली सायकलने जातात. मानव विकास कार्यक्रमांतर्गत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात. पण त्या चिखलात न घसरता चालवायच्या कशा? याचे उत्तर ‘सायक्लोक्रॉस’ या शर्यतीत सापडते.

सायक्लोक्रॉस म्हणजे काय?

चिखल, गवत, वाळू आणि अडथळ्यांमधून होणारी सायकल शर्यत. तिची पहिली जागतिक स्पर्धा १९५० मध्ये पॅरिसमध्ये झाली. आंतरराष्ट्रीय नियमानुसार टायरची रुंदी ३३ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलचे दीड इंची टायर सुमारे ३८ मिलिमीटर, म्हणजे त्याहून रुंद असते.

हवा कमी का ठेवतात?

टणक टायर जमिनीला थोड्याच जागेत टेकते आणि खाचखळग्यांवर उसळते. हवा थोडी कमी असली की ते दबून जास्त जागेत टेकते, त्यामुळे पकड वाढते. म्हणून हे स्पर्धक साधारण २० ते ३० पीएसआय इतकीच हवा ठेवतात. चिखलासाठी नक्षीचे उंचवटेही दूर-दूर असलेले टायर निवडतात. त्यात चिखल अडकून राहत नाही.

मग हवा सोडून द्यायची का?

नाही. शर्यतीचा आकडा शाळेच्या सायकलला लागू होत नाही. हवा फार कमी झाली तर खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन छिद्रे पडतात. ट्यूब सरकून व्हॉल्व्हही उपटतो. टायरच्या बाजूवर हवेची मर्यादा छापलेली असते, ती पाळावी. कच्च्या रस्त्यावर त्या मर्यादेत थोडी कमी हवा ठेवावी. मागच्या चाकावर भार जास्त असतो, म्हणून पुढच्यात मागच्यापेक्षा किंचित कमी चालते. डबलसीट किंवा जड दप्तर असेल तर मागे हवा वाढवावी.

मापक नसेल तर?

रबरी नळीच्या व्हॉल्व्हवर साधे मापक नेमका आकडा दाखवत नाही. अशा वेळी सायकलवर बसून दुसऱ्याला मागचे टायर पाहायला सांगावे. ते किंचित फुगलेले दिसावे, पण खड्ड्यात रिमचा ठोका बसू नये. टायरची नक्षीच झिजली असेल, तर मात्र हवा कमी करून उपयोग नाही; पावसाळ्यापूर्वी टायर बदलावे.