दारातले मांजर घरात घ्यावे का?

संध्याकाळी गाडी लावून जिना चढायला लागले की ते पायात येते. शेपटी सरळ वर, अंग पोटरीला घासत, तोंडाने लाडिक म्याव. पहिल्या दिवशी त्याला वाटीभर दूध मिळते, दुसऱ्या दिवशी पोळीचा तुकडा. आठवडाभरात मुलांनी नाव ठेवलेले असते आणि नागपूरच्या भर उन्हाळ्यात ते दुपारी कूलरखालच्या ओल्या फरशीवर झोपलेले सापडते. मग घरात वाद सुरू होतो. मुले म्हणतात, ठेवून घेऊ. आजी म्हणते, कुणाचे कोण जाणे, चावले म्हणजे? घरात कुणाला दिवस गेलेले असतील, तर शेजारच्या काकू आणखी एक भीती घालून जातात.

यातल्या काही भीती खऱ्या आहेत, काही अर्धवट. खरा धोका अनेकदा भलतीकडेच असतो, म्हणजे मांजराला रोज खाऊ घालायचे, पण त्याची लस, नसबंदी, औषध यांची जबाबदारी कुणीच घ्यायची नाही.

लाडिक आहे, म्हणजे कुणाचे आहे?

पिल्लू साधारण दोन ते सात आठवड्यांचे असताना त्याला माणसांचा हात लागला, तर ते माणसाळते. हा काळ माणसांवाचून गेला, तर मोठेपणी ते सहसा बुजरेच राहते. शिवाय मोठी मांजरे आपसांत फारसे म्याव करत नाहीत; तो आवाज ती मुख्यतः माणसांसाठी काढतात. त्यामुळे अनोळखी माणसाच्या पायात घोटाळणारे मांजर बहुधा कुठल्या तरी घरात वाढलेले असते. ते दोन गल्ल्या पलीकडच्या घरातून फिरायला आलेले असेल, भाडेकरू घर बदलताना मागे राहिलेले असेल, किंवा चार घरी चार नावांनी जेवणारे मोहल्ल्याचे मांजर असेल.

म्हणून पहिले काम चौकशीचे. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकावा, दूधवाल्याला आणि चौकीदाराला विचारावे. सोपा उपाय म्हणजे कागदाची सैल पट्टी मांजराच्या गळ्यात घालून तीवर ‘हे तुमचे आहे का?’ असे लिहून फोन नंबर द्यावा. पट्टी कागदाचीच हवी, कुठे अडकली तर सहज फाटली पाहिजे. मांजराचे शरीरही नीट पाहावे. कानाचे टोक सरळ रेषेत कापलेले असेल, तर बहुतेक वेळा त्याची नसबंदी झालेली असते. मादीचे आचळ सुजलेले, दुधाने भरलेले दिसले, तर पिल्ले जवळच कुठे तरी असतात. अशा मांजरीला एकटीला घरात कोंडले, तर पिल्ले उपाशी मरतात.

आजीची भीती: रेबीज

आपल्याकडे माणसाला रेबीज होतो तो प्रामुख्याने कुत्र्यापासून. पण मांजरालाही तो होतो आणि त्याच्या चाव्यातून माणसापर्यंत पोहोचतो. लक्षणे दिसू लागल्यावर हा आजार जवळजवळ नेहमीच जीव घेतो. म्हणून अनोळखी मांजर चावले किंवा त्याने ओरखडले, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. हळद, चुना, मिरची लावू नये. रक्त न आलेल्या ओरखड्यालाही लस लागते. रक्त आले असेल, तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. मांजरावर दहा दिवस लक्ष ठेवतात, पण ‘दहा दिवस पाहू, मग ठरवू’ असे करायचे नसते. लस आधी सुरू करायची आणि मांजर दहा दिवसांनंतरही ठणठणीत राहिले, तर पुढचे डोस थांबवायचे की नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचे.

अंगावर ओरखडा किंवा जखम नसताना मांजराने हात चाटला किंवा आपण त्याला कुरवाळले, तर रेबीजची लस लागत नाही. मांजराला स्वतःला ही लस वयाच्या तिसऱ्या महिन्यापासून देता येते. पुढचे डोस पशुवैद्याच्या सांगण्याप्रमाणे द्यावेत.

काकूंची भीती: गर्भ

काकू सांगतात तो आजार टॉक्सोप्लाझ्मोसिस. त्याचा परजीवी मांजराच्या आतड्यात वाढतो, आणि गरोदरपणात पहिल्यांदाच संसर्ग झाला तर गर्भाला इजा होऊ शकते. इथवर काकूंचे बरोबर. पण बहुतेक मांजरे आयुष्यात एकदाच, पहिल्या संसर्गानंतरचे एक ते तीन आठवडे, हा परजीवी विष्ठेतून बाहेर टाकतात. ती विष्ठा संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस जावा लागतो. म्हणून वाळूचा ट्रे रोज साफ करावा आणि हे काम गरोदर स्त्रीने न करता घरातल्या दुसऱ्या कुणी करावे. याच परजीवीचे दुसरे रस्ते म्हणजे अर्धवट शिजलेले मटण, न धुतलेली भाजी आणि बागेतली माती. घरात मांजर नसले, तरी हे रस्ते बंद होत नाहीत.

रोजच्या व्यवहारात जास्त त्रास देतात ते साधे आजार: गजकर्ण, पिसवा, आतड्यांतले जंत. त्यांवर उपचार आहेत. दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांनी मात्र आधी विचार करावा. ही ॲलर्जी मुख्यतः मांजराच्या लाळेतल्या आणि त्वचेतल्या प्रथिनांमुळे होते. केस झाडून ती जात नाही. घरात कुणाला दमा असेल, तर मांजर कायमचे ठेवण्याआधी डॉक्टरांशी बोलावे.

एक खोली, दोन आठवडे

चौकशीत मालक सापडला नाही, तर मांजर थेट दिवाणखान्यात आणू नये. निदान दोन आठवडे त्याला वेगळ्या खोलीत किंवा बंदिस्त बाल्कनीत ठेवावे. पाणी, खाणे, वाळूचा ट्रे आणि लपायला एक खोके एवढे पुरते. नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याखाली किंवा पश्चिमेच्या उन्हात मात्र ठेवू नये. याच काळात पशुवैद्याकडे नेऊन तपासणी, जंताचे औषध, लसीकरण आणि नसबंदीची तारीख उरकता येते. सेमिनरी हिल्स भागातले नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून या शहरात आहे. घरात आधीच मांजर असेल, तर ही वेगळी खोली आणखी गरजेची. मांजरांमधले काही जीवघेणे विषाणू माणसाला होत नाहीत, पण आपल्या कपड्यांवरून आणि हातांवरून जुन्या मांजरापर्यंत जातात. या दोन आठवड्यांत रेबीज नाही याची मात्र खात्री होत नाही. तो अनेक आठवडे दबून राहू शकतो.

नसबंदी पुढे ढकलू नये. मादी चार-पाच महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते, आणि साधारण नऊ आठवड्यांत पिल्ले होतात.

ताटात काय?

निर्णयाचा हा भाग घरात सहसा कुणी बोलत नाही. मांजर पक्के मांसाहारी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याचे शरीर पुरेसा तयार करू शकत नाही. तो मांसातून मिळतो. दूध-पोळीवर ठेवलेल्या मांजराचे डोळे आणि हृदय हळूहळू निकामी होऊ शकते. अनेक मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही. घर शाकाहारी असेल, तर मांजरांसाठीचे संतुलित तयार खाद्य आणायची तयारी हवी. उरलेला सावजी रस्सा हाही उपाय नव्हे. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. घरातली पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते.

कच्च्या कोंबडीबद्दल नागपूरकरांना वेगळे सांगायला नको. डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. कारण बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू असल्याचे भोपाळच्या प्रयोगशाळेने सांगितले. बाधित कोंबडीच्या मांसातून संसर्ग झाला असावा, असा अंदाज तेव्हा व्यक्त झाला. पुढच्याच महिन्यात शेजारच्या छिंदवाड्यात घरगुती मांजरांमध्येही हा विषाणू आढळला. मांजराला मांस द्यायचे, तर ते पूर्ण शिजवून आणि हाडे काढून द्यावे.

नाही म्हणायचे असेल तर

पाळलेले मांजर बारा-पंधरा वर्षे सहज जगते. आज शाळेत जाणारी मुले तोवर नोकरीसाठी पुण्याला गेलेली असतील आणि मांजर आजी-आजोबांकडे राहिलेले असेल. तेवढी तयारी नसेल, तर नाही म्हणण्यात कमीपणा नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मोकाट कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांनी ती दत्तक घ्यावीत, असे म्हटले होते. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या सक्तीला स्थगिती दिली. मांजरांबाबतही, खाऊ घातले म्हणजे पाळलेच पाहिजे असे नाही. पण चार घरांनी वर्गणी काढून मोहल्ल्याच्या मांजराची नसबंदी आणि रेबीजची लस केली, तर ते मांजर, त्याच्याशी खेळणारी पोरे आणि आजी, सगळ्यांचेच भले होते.

घरात घेऊन सहा महिन्यांनी पोत्यात घालून दूर सोडून येणे मात्र करू नये. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. घराची सवय लागलेल्या मांजराला अनोळखी वस्तीत अन्न शोधता येईलच असे नाही. म्हणून हो किंवा नाही, जे काही ठरवायचे ते मांजर अजून जिन्यात आहे तोवर घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून ठरवावे.