१ ऑगस्ट

१ ऑगस्ट हा ग्रेगरियन दिनदर्शिकेनुसार वर्षातील २१३ वा, तर लीप वर्षातील २१४ वा दिवस होय. या दिवसानंतर वर्ष संपण्यास १५२ दिवस उरतात. भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकेनुसार हा दिवस १० श्रावण या दिनांकाशी जुळतो. महाराष्ट्रात हा दिवस लोकमान्य टिळक यांची पुण्यतिथी आणि लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांची जयंती म्हणून पाळला जातो. टिळकांचा मृत्यू आणि अण्णा भाऊंचा जन्म या दोन्ही घटना एकाच वर्षी, म्हणजे १९२० साली, एकाच रविवारी घडल्या. महात्मा गांधींच्या असहकार चळवळीचा प्रारंभही त्याच दिवशी झाला.

दिनदर्शिकेतील स्थान

प्राचीन रोमन कालगणनेत ऑगस्ट हा सहावा महिना होता व त्याचे नाव ‘सेक्स्टिलिस’ असे होते. इ.स.पू. ८ मध्ये सम्राट ऑगस्टस याच्या सन्मानार्थ त्यास सध्याचे नाव देण्यात आले. चांद्रमासानुसार १ ऑगस्ट हा दिवस आषाढ किंवा श्रावणात येतो. अधिक महिना आल्यास तो त्यातही पडू शकतो, उदाहरणार्थ २०२३ साली तो अधिक श्रावणात होता. त्यामुळे तिथीने पाळले जाणारे सण या दिनांकाच्या मागेपुढे सरकतात, तर इंग्रजी तारखेने पाळल्या जाणाऱ्या जयंत्या व पुण्यतिथ्या स्थिर राहतात.

ऐतिहासिक घटनांचे दिनांक वाचताना त्या काळी त्या देशात कोणती दिनदर्शिका चालू होती हे पाहणे आवश्यक ठरते. जर्मनीने १ ऑगस्ट १९१४ रोजी रशियाविरुद्ध युद्ध पुकारले. परंतु रशियात तेव्हा ज्युलियन दिनदर्शिका प्रचलित असल्याने तेथे तो दिवस १९ जुलै होता. इंग्लंडची राणी ॲन हिचा मृत्यू १ ऑगस्ट १७१४ रोजी झाल्याची नोंद आहे. ती नोंदही ज्युलियन पद्धतीची असून ग्रेगरियन गणनेने तो दिवस १२ ऑगस्ट येतो. स्वित्झर्लंडच्या ज्या सनदेवरून १ ऑगस्ट हा त्या देशाचा राष्ट्रीय दिन मानला जातो, तिच्यावर केवळ ‘ऑगस्टच्या आरंभी, १२९१’ एवढाच कालनिर्देश आहे. निश्चित तारीख पुढे एकोणिसाव्या शतकात ठरविण्यात आली.

१ ऑगस्ट १९२०

आधुनिक भारताच्या इतिहासात या दिनांकास विशेष महत्त्व प्राप्त झाले ते १९२० साली. त्या दिवशीच्या तीन घटना परस्परांपासून स्वतंत्र असल्या, तरी पुढील काळात त्यांचे धागे एकमेकांत गुंतलेले दिसतात.

लोकमान्य टिळकांचे निधन

बाळ गंगाधर टिळक (जन्म : २३ जुलै १८५६, रत्नागिरी) हे जुलै १९२० मध्ये मुंबईत सरदारगृह येथे मुक्कामास होते. तेथेच ते आजारी पडले आणि ३१ जुलैच्या मध्यरात्रीनंतर, म्हणजे १ ऑगस्टच्या पहिल्या प्रहरी, त्यांचे निधन झाले. भर पावसात निघालेल्या त्यांच्या अंत्ययात्रेस लाखोंचा जनसमुदाय लोटला. पार्थिवास खांदा देणाऱ्यांत महात्मा गांधी यांचाही समावेश होता. नेहमीच्या स्मशानभूमीऐवजी विशेष परवानगीने गिरगाव चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले. त्या परिसरात आज त्यांचा पुतळा उभा आहे.

टिळकांच्या लोकप्रियतेचा विस्तार सुशिक्षित मध्यमवर्गापुरता मर्यादित नव्हता. जुलै १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारांनी सहा दिवस संप पुकारला होता. राजकीय कारणासाठी भारतीय कामगारांनी केलेल्या आरंभीच्या मोठ्या संपांत त्याची गणना होते. शिक्षेचा काळ टिळकांनी मंडाले येथील तुरुंगात काढला व तेथे लिहिलेला ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला.

असहकार चळवळीचा प्रारंभ

खिलाफतीचा प्रश्न आणि पंजाबातील अत्याचार यांच्या निषेधार्थ १ ऑगस्ट १९२० पासून असहकार सुरू करण्याचे गांधींनी आधीच जाहीर केले होते. उपवास, प्रार्थना व हरताळ हा त्या दिवसाचा कार्यक्रम होता. याच दिनांकाच्या पत्राने त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांस ‘कैसर-ए-हिंद’ हे पदक परत केले. चळवळीस काँग्रेसची मान्यता मात्र नंतर मिळाली. सप्टेंबर १९२० मध्ये लाला लजपत राय यांच्या अध्यक्षतेखाली कलकत्ता येथे झालेल्या विशेष अधिवेशनात तसा ठराव झाला आणि डिसेंबरमधील नागपूर अधिवेशनात त्यावर शिक्कामोर्तब झाले.

टिळकांनी एप्रिल १९२० मध्ये स्थापन केलेल्या काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्षाचे धोरण सुधारणा कायद्यानुसार मिळालेल्या कायदेमंडळांचा वापर करून घेण्याचे होते, तर गांधींचा भर बहिष्कारावर होता. हे दोन मार्ग समोरासमोर येण्यापूर्वीच, चळवळ सुरू व्हावयाच्या दिवशी, टिळक काळाच्या पडद्याआड गेले. पुढे चळवळीसाठी उभारलेल्या निधीस ‘टिळक स्वराज्य फंड’ हे नाव देण्यात आले व त्यात एक कोटी रुपये जमविण्याचे लक्ष्य ठरले. टिळकांच्या पहिल्या पुण्यतिथीच्या पूर्वसंध्येस, ३१ जुलै १९२१ रोजी, मुंबईत परळ येथे विदेशी कापडाची मोठी होळी करण्यात आली. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौरा येथील हिंसाचारानंतर गांधींनी ही चळवळ स्थगित केली.

अण्णा भाऊ साठे यांचा जन्म

मुंबईतील शोकवार्ता देशभर पसरत होती, त्याच दिवशी तत्कालीन सातारा जिल्ह्यातील (सध्याच्या सांगली जिल्ह्यातील) वाटेगाव येथे एका मातंग कुटुंबात तुकाराम भाऊराव साठे, अर्थात अण्णा भाऊ साठे, यांचा जन्म झाला. या जन्माची वार्ता गावाच्या शिवेबाहेर जाण्याचे तेव्हा काहीच कारण नव्हते. अस्पृश्यतेचे चटके आणि दारिद्र्य यांमुळे अण्णा भाऊंना औपचारिक शिक्षण जवळजवळ मिळालेच नाही. बालपणी ते कुटुंबीयांसह मुंबईस आले, मिळेल ते श्रमाचे काम त्यांनी केले आणि गिरणी कामगारांच्या वस्तीत राहूनच ते लिहूवाचू लागले.

ज्या गिरणगावाने १९०८ मध्ये टिळकांसाठी संप केला होता, तेच अण्णा भाऊंचे खरे विद्यापीठ ठरले. १९४४ साली शाहीर अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी ‘लाल बावटा कलापथक’ स्थापन केले. पोवाडा, लावणी, वग या पारंपरिक प्रकारांतून त्यांनी कामगारांचे व भूमिहीनांचे जीवन मांडले आणि तमाशाच्या रूपास लोकनाट्याचे नवे वळण दिले. संयुक्त महाराष्ट्र चळवळीत त्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड घराघरांत पोहोचली. मुंबईत १९५८ साली भरलेल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन करताना त्यांनी पृथ्वी शेषनागाच्या मस्तकावर नव्हे, तर दलितांच्या व श्रमिकांच्या तळहातावर तरलेली आहे, असा विचार मांडला. १९५९ साली प्रसिद्ध झालेली ‘फकिरा’ ही कादंबरी त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या लेखणीस अर्पण केली आहे. तिला राज्य शासनाचा पुरस्कार लाभला. १८ जुलै १९६९ रोजी त्यांचे निधन झाले.

गुलामगिरीचा कायदेशीर शेवट

कॅरिबियन प्रदेशातील अनेक देशांत १ ऑगस्ट हा मुक्तिदिन म्हणून पाळला जातो. ब्रिटिश संसदेने १८३३ साली संमत केलेला गुलामगिरी निर्मूलनाचा कायदा १ ऑगस्ट १८३४ रोजी अमलात आला व सुमारे आठ लक्ष माणसे कायद्याच्या दृष्टीने गुलाम राहिली नाहीत. प्रत्यक्षात मात्र सहा वर्षांहून मोठ्या वयाच्या मुक्त गुलामांना ‘उमेदवार’ म्हणून पूर्वीच्याच मालकांकडे राबण्याचे बंधन घालण्यात आले. ही पद्धत १ ऑगस्ट १८३८ रोजी संपुष्टात आली. नुकसानभरपाईपोटी दोन कोटी पौंडांची तरतूद करण्यात आली. ती गुलामांसाठी नसून त्यांच्या मालकांसाठी होती.

ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यातील प्रदेश या कायद्यातून वगळण्यात आले होते. भारतात गुलामगिरीची कायदेशीर मान्यता १८४३ च्या पाचव्या अधिनियमाने काढून घेण्यात आली. दरम्यान, वसाहतींतील उसाच्या मळ्यांसाठी मजूर मिळविण्याकरिता भारतातून करारबद्ध मजूर नेण्यास आरंभ झाला. मॉरिशस बेटावर असे मजूर १८३४ पासून उतरू लागले. त्यांत कोकणपट्टीतील मराठी भाषकही होते आणि त्यांचे वंशज आजही तेथे मराठी समाज म्हणून ओळखले जातात. मॉरिशसमध्ये हा कायदा १ फेब्रुवारी १८३५ रोजी लागू झाल्याने तेथे त्या दिवशी सुट्टी असते.

इतर ठळक घटना

१७७४ – जोसेफ प्रीस्टली यांनी पाऱ्याचे ऑक्साइड बहिर्वक्र भिंगाने तापवून ऑक्सिजन वायू मिळविला. स्वीडनच्या कार्ल शील यांनी तो स्वतंत्रपणे व त्यापूर्वीच मिळविला होता, परंतु त्यांचे लेखन नंतर प्रसिद्ध झाले.

१७९८ – नाईलची लढाई. इजिप्तच्या अबुकीर उपसागरात होरेशिओ नेल्सन याने फ्रेंच आरमारावर हल्ला चढविला. या पराभवामुळे नेपोलियनच्या सैन्याचा मायदेशाशी असलेला सागरी संपर्क तुटला.

१९०७ – इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर रॉबर्ट बेडन-पॉवेल यांचे मुलांसाठीचे प्रायोगिक शिबिर सुरू झाले. बालवीर चळवळीचा उगम या शिबिरात मानला जातो.

१९१४ – जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारले. पहिल्या महायुद्धाची व्याप्ती वाढली.

१९२७ – चीनमध्ये नानचांग येथे कम्युनिस्टांचा सशस्त्र उठाव झाला. चिनी जनमुक्ती सेनेचा स्थापना दिन म्हणून हाच दिवस पाळला जातो.

१९३६ – बर्लिन येथे ऑलिंपिक स्पर्धांचे उद्घाटन झाले. याच स्पर्धेत ध्यानचंद यांच्या नेतृत्वाखाली भारताने हॉकीचे सुवर्णपदक जिंकले.

१९४४ – नाझी जर्मनीच्या ताब्याविरुद्ध वॉर्सा येथे पोलिश नागरिकांचा व भूमिगत सैन्याचा उठाव सुरू झाला. तो ६३ दिवस चालला. ॲन फ्रँक हिच्या रोजनिशीतील अखेरची नोंदही याच दिवसाची आहे.

१९५३ – भारतातील हवाई वाहतुकीच्या राष्ट्रीयीकरणानंतर इंडियन एअरलाइन्सचा कारभार सुरू झाला.

१९६० – दाहोमे (सध्याचा बेनिन) हा देश फ्रान्सपासून स्वतंत्र झाला.

१९७५ – युरोपातील सुरक्षा व सहकार्य यांविषयीच्या हेलसिंकी करारावर ३५ राष्ट्रांनी स्वाक्षऱ्या केल्या.

जन्म

इ.स.पू. १० – क्लॉडियस, रोमन सम्राट.

१७४४ – झां-बाप्तिस्त लामार्क, फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ. डार्विनपूर्व काळात उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारे.

१८१८ – मारिया मिचेल, अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ. दुर्बिणीतून धूमकेतूचा शोध लावल्याने प्रसिद्ध.

१८१९ – हर्मन मेलव्हिल, ‘मोबी डिक’ या कादंबरीचे लेखक.

१८८२ – पुरुषोत्तमदास टंडन, स्वातंत्र्यसैनिक, हिंदीचे पुरस्कर्ते व भारतरत्न पुरस्काराचे मानकरी (१९६१).

१८९९ – कमला नेहरू, स्वातंत्र्यसैनिक.

१९१३ – भगवान आबाजी पालव ऊर्फ मास्टर भगवान, अभिनेते व दिग्दर्शक. ‘अलबेला’ (१९५१) हा त्यांचा गाजलेला चित्रपट.

१९२० – अण्णा भाऊ साठे, मराठी साहित्यिक व लोकशाहीर.

१९२४ – फ्रँक वॉरेल, वेस्ट इंडीजचे क्रिकेटपटू व कर्णधार. १९६२ च्या दौऱ्यात भारतीय कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर डोक्यास चेंडू लागून जखमी झाले असता वॉरेल यांनी त्यांच्यासाठी रक्तदान केले.

मृत्यू

१७१४ – ॲन, ग्रेट ब्रिटनची राणी (ज्युलियन दिनांक). तिच्या पश्चात राजसत्ता हॅनोव्हर घराण्याकडे गेली.

१९२० – लोकमान्य बाळ गंगाधर टिळक.

१९९७ – स्व्यातोस्लाव रिख्टर, रशियन पियानोवादक.

१९९९ – नीरद चौधरी, इंग्रजी व बंगाली लेखक. वयाच्या १०१ व्या वर्षी ऑक्सफर्ड येथे निधन.

२००८ – हरकिशनसिंग सुरजीत, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नेते.

२००९ – कोराझोन अक्विनो, फिलिपिन्सच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष.

प्रतिवार्षिक पालन

स्वित्झर्लंड व बेनिन या देशांत १ ऑगस्ट रोजी राष्ट्रीय दिन असतो. त्रिनिदाद व टोबॅगो, जमैका, बार्बाडोस आदी देश मुक्तिदिन पाळतात.

महाराष्ट्र शासनाचे महसुली वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै असे असते. ३१ जुलै रोजी गावचे जुने हिशेब बंद होतात आणि १ ऑगस्टपासून नव्या वर्षाच्या नोंदी सुरू होतात. त्यामुळे हा दिवस राज्यात ‘महसूल दिन’ म्हणून साजरा होतो.

राज्यातील शाळांतून या दिवशी टिळक व अण्णा भाऊ यांच्या प्रतिमांचे पूजन एकत्रच होते व विद्यार्थ्यांची भाषणे होतात. भारतीय टपाल खात्याने अण्णा भाऊंच्या सन्मानार्थ काढलेले तिकीट १ ऑगस्ट २००२ रोजी प्रकाशित झाले. १ ऑगस्ट २०२० रोजी टिळकांची स्मृतिशताब्दी आणि अण्णा भाऊंची जन्मशताब्दी एकत्र आली. मात्र कोरोनाच्या साथीमुळे सार्वजनिक कार्यक्रमांवर निर्बंध होते. शिक्षण, जात व वर्ग या तिन्ही बाबतींत परस्परांपासून अत्यंत दूर असलेल्या या दोन व्यक्तींचे स्मरण दिनदर्शिकेच्या योगायोगाने एकाच व्यासपीठावर होते. दोघांच्याही नावांना जोडलेल्या ‘लोकमान्य’ आणि ‘लोकशाहीर’ या उपाध्यांत ‘लोक’ हा शब्द समान आहे.