परतीचं तिकीट स्वस्त का पडतं?

इंदूरच्या सराफ्यात रात्री पेढ्यांची शटरं पडली की ओट्यांवर भुट्ट्याच्या किसाच्या कढया चढतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी विमानांचं उन्हाळी वेळापत्रक लागू झाल्यापासून तिथल्या मराठी घोळक्यांत एकच हिशेब चालतो: लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला जायचंय, येण्याची तारीख ठरलेली नाही, तर आत्ता जाण्यापुरतंच तिकीट काढावं का?

शक्यतो काढू नये. अमेरिका-युरोपच्या मोठ्या कंपन्यांकडे एकेरी तिकीट सहसा परतीच्या निम्म्यात मिळत नाही. कधीकधी तर जाऊन-येऊन तिकीटच एकेरीपेक्षा स्वस्त निघतं. सोन्याचा निदान भाव एक असतो, घडणावळ वेगळी लावतात. इथे सगळी घडणावळच!

हे डोकं मुख्यतः ‘अमेरिकन एअरलाइन्स’च्या रॉबर्ट क्रँडलचं. १९७७ मध्ये या कंपनीने ‘सुपर सेव्हर’ भाडं आणलं. रिकाम्या जागा स्वस्तात विकायच्या, पण कंपनीच्या खर्चाने फिरणाऱ्या साहेबांना ती सवलत लागू द्यायची नाही. म्हणून अटी घातल्या: तिकीट आधी काढा, परतीचं काढा, तिथे ठरावीक दिवस राहा. कामाला गेलेला माणूस मुक्काम लांबवत नाही, हे त्यांनी बरोबर हेरलं. गंमत म्हणजे १९९२ मध्ये याच क्रँडलने सगळी भानगड मोडून चारच सरळ दर लावले. स्पर्धकांनी भाडी आणखी पाडली आणि काही महिन्यांतच ती योजना गुंडाळावी लागली. प्रवाशाला सरळ भाव नको असतो, स्वस्त हवा असतो. याचा दोष मी एकट्या कंपन्यांना देणार नाही.

आखातात मात्र वेगळा कारभार. इंदूरहून पहिलं आंतरराष्ट्रीय विमान १५ जुलै २०१९ ला दुबईला उडालं. २०२३ पासून ‘एअर इंडिया एक्सप्रेस’ शारजाला जाऊ लागली. अशा स्वस्त कंपन्या जाणं-येणं सुटं विकतात, त्यामुळे जाताना एक, येताना दुसरी कंपनी खुशाल घ्या.

अमेरिकेला जाणाऱ्या आई-बाबांनी अंदाजाची तारीख टाकून परतीचंच घ्यावं. तारीख बदलायचा आकार आधी विचारावा. आणि तिकीट इंदूरपासूनचं असेल, तर अवंतिका एक्सप्रेसने आधीच मुंबई गाठून, दादरला बहिणीकडे राहून, विमान तिथूनच पकडायचा बेत करू नये. इंदूर–मुंबई टप्पा न कळवता चुकवला, की कंपनी तुम्हाला गैरहजर धरते आणि परतीसकट पुढचं सगळं तिकीट रद्द करू शकते. दादरला राहायचंच असेल, तर तिकीट मुंबईपासूनचं काढा.