नवशिक्याचे पहिले हेलिकॉप्टर

बीदरच्या लोकांना आकाशाकडे पाहण्याची सवय जुनी आहे. शहरालगतच भारतीय वायुदलाचा तळ असून तेथे तरुण वैमानिकांचे शिक्षण चालते. १९९६ साली स्थापन झालेल्या 'सूर्यकिरण' या नऊ विमानांच्या कसरतपथकाचे घरही तेच. कलबुर्गीचा नागरी विमानतळ २०१९ च्या नोव्हेंबरात उघडला, आणि पुढल्याच फेब्रुवारीत बीदरहूनही प्रवासी विमान निघाले. अशा परिसरात भालकी, औराद, बसवकल्याण किंवा आळंद येथील एखाद्या शाळकरी मुलाच्या मनात, आपणही एखादे यंत्र आपल्या हाताने उडवावे, असे आले तर त्यात नवल कसले?

परंतु पुढे पुष्कळदा घडते ते असे. सणावारी मिळालेले पैसे मुलगा साठवतो, वडील थोडी भर घालतात आणि एक रंगीत खोके घरी येते. त्यावर उलटे उडणाऱ्या हेलिकॉप्टराचे चित्र असते. मुलगा ते अंगणात नेतो, दांडी वर सारतो, यंत्र एका बाजूस कलते, पाते जमिनीस लागते आणि दुसऱ्या क्षणी सारे शांत होते. मोडलेला भाग बाजारात मिळत नाही. खोके कपाटावर जाते आणि 'हे आपल्याला जमणारे नव्हे' असे मुलगा मनाशी ठरवून टाकतो. वास्तविक चूक त्याच्या हाताची नसते, निवडीची असते. ही निवड कशी करावी, याचा थोडा विचार येथे केला आहे.

प्रथम हे यंत्र चालते कसे, ते पाहू. जोराच्या वाऱ्यात एक पुठ्ठा आडवा, सपाट धरला तर वारा त्याच्या वरून आणि खालून निघून जातो. त्याची पुढची कड किंचित वर उचलली की तोच वारा पुठ्ठ्याला वर ढकलू लागतो, आणि कड खाली कलवली की खाली दाबतो. हेलिकॉप्टराचे पाते म्हणजे असाच एक पुठ्ठा. फरक इतकाच, की येथे वारा पात्याकडे येत नाही, पातेच वाऱ्यातून फिरते. पाते वाऱ्याला ज्या कोनात सामोरे जाते, त्या कोनाला 'पिच' म्हणतात.

स्वस्त खेळण्यात हा कोन कायमचा ठरलेला असतो. यंत्र वर न्यावयाचे तर मोटार जोरात फिरवावयाची, खाली आणावयाचे तर हळू. घरातल्या छताच्या पंख्याला रेग्युलेटर असतो, तसाच हा प्रकार. यात दोन उणिवा आहेत. फिरत्या पात्यांचा वेग वाढावयास आणि उतरावयास वेळ लागतो, त्यामुळे यंत्र सांगितलेले उशिरा ऐकते. दुसरे असे, की वाऱ्याच्या झोताने ते वर उचलले गेले तर त्याला खाली दाबण्याचे साधनच चालकापाशी नसते.

'कलेक्टिव्ह पिच' या प्रकारात पात्यांचा वेग जवळजवळ स्थिर राहतो आणि बदलतो तो सर्व पात्यांचा कोन, एकाच वेळी व सारखाच. म्हणूनच त्याला सामूहिक कोन म्हणावयाचे. पात्यांच्या खाली, दांड्याभोवती, 'स्वॉशप्लेट' नावाची एक तबकडी असते. 'सर्व्हो' नावाच्या तीन लहान मोटारी तिला तीन बाजूंनी धरून असतात. तिन्ही मिळून तबकडी वर उचलतात तेव्हा सर्व पात्यांचा कोन बदलतो आणि यंत्र तत्काळ वर किंवा खाली जाते. तबकडी एका बाजूस कलली की प्रत्येक पात्याचा कोन फेऱ्यातल्या त्याच्या जागेप्रमाणे बदलत राहतो आणि यंत्र त्या बाजूस झुकून चालू लागते. मूळची कल्पना मोठ्या हेलिकॉप्टरांची. अर्जेंटिनाच्या पातेरास पेस्कारा यांनी १९२४ साली पात्यांचे कोन बदलणाऱ्या आपल्या यंत्रातून ७३६ मीटर अंतर कापले होते. पुढे जर्मनीच्या डीटर श्लुटर यांनी १९७० च्या सुमारास बिनतारी नियंत्रणाच्या लहान हेलिकॉप्टराला खऱ्या अर्थाने उडते केले.

तेव्हा सामूहिक कोनाचे यंत्र अधिक आज्ञाधारक असते हे खरे. परंतु ते चालकाची चूकही तितक्याच आज्ञाधारकपणे अमलात आणते. घाबरलेल्या नवशिक्याने दांडी झटकन खाली ओढली, तर साधे खेळणे हळूहळू उतरते. हे यंत्र मात्र, पात्यांचा कोन उलटा होण्याची सोय चालू असेल तर, स्वतःला जमिनीवर आपटते. नवशिक्याच्या हातून यंत्र पडणार, हे गृहीत धरूनच खरेदी केली पाहिजे.

यातूनच निवडीचा मुख्य नियम निघतो. यंत्राची किंमत पाहू नये. यंत्र एकदा पडले तर काय खर्च येईल, ते पाहावे. उदाहरणादाखल समजा, एक यंत्र आठ हजारांस मिळते, पण प्रत्येक पडझडीला आठशे रुपये लागतात. दुसरे दहा हजारांचे आहे, पण त्याची दुरुस्ती दोनशेत होते. दहा पडझडींनंतर पहिल्याचा हिशेब सोळा हजारांवर गेलेला असतो, दुसऱ्याचा बारा हजारांवर. आणि पहिल्या महिन्यात दहा वेळा पडणे ही काही मोठी गोष्ट नव्हे.

म्हणून दुकानात गेल्यावर प्रथम सुट्या भागांचे भाव विचारावेत. मुख्य पाती, पात्यांमधील आडवा दांडा, मधला उभा दांडा, मोठे दंतचक्र, शेपटीचा पंखा, सर्व्हो आणि बॅटरी असे हे सात भाग. यांतील एकही भाग देशात मिळत नसेल, तर ते यंत्र कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. परदेशातून थेट मागवण्याचा मोह आवरावा, हेही येथेच सांगितले पाहिजे. केंद्र सरकारने ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनांच्या आयातीवर बंदी घातली. सुट्या भागांना ती लागू केली नाही. बिनतारी हेलिकॉप्टर हेही चालकाविना उडणारे यंत्रच असल्यामुळे ते जकातीत अडकण्याचा धोका असतो. यास्तव देशातल्या विक्रेत्याकडून पावती घेऊन खरेदी करणे इष्ट.

दुसरा प्रश्न आकाराचा. या छंदात पन्नास-साठ ग्रॅमांच्या चिमुकल्या यंत्रांपासून कित्येक किलोंच्या यंत्रांपर्यंत अनेक आकार आहेत. '४५०' या नावाचा मध्यम आकार एके काळी नवशिक्यांना सर्रास सुचवला जाई. अलाइन कंपनीच्या टी-रेक्स ४५० या नमुन्याशी जुळणारे भाग अनेक कारखान्यांनी काढल्यामुळे ते स्वस्त झाले होते. मोठे यंत्र वाऱ्यात अधिक स्थिर राहते, हा त्याचा गुण. परंतु एक गणित विसरता कामा नये. सुमारे ७१ सेंटिमीटर व्यासाचा हा पंखा मिनिटाला २८०० फेरे घेत असेल, तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे ३७५ किलोमीटर होतो. असे पाते बोटाला किंवा डोळ्याला लागले, तर ती इजा जन्मभराची ठरू शकते. हे यंत्र अंगणात, धाकट्या भावंडांच्या घोळक्यात उडवण्याचे नव्हे.

म्हणून नवशिक्याने आरंभ चिमुकल्या यंत्राने करावा. एक्सके के-११० सारखे तळहातापेक्षा थोडे मोठे यंत्र वजनाने इतके हलके असते, की गवतावर पडले तर बहुधा काही मोडत नाही. मोडलेच तर ते थोडक्यात भागते. मात्र त्यात तीन गोष्टी असाव्यात. मोटार ब्रशविरहित असावी, कारण ब्रशची मोटार लवकर झिजते. यंत्र आपोआप समतोल ठेवणारी जायरोची सोय असावी, आणि हात बसल्यावर ती बंद करता यावी. आणि पात्यांचा कोन खरोखरच बदलत असावा, कारण खोक्यावर छापलेल्या चित्रावर आणि 'सहा चॅनेल' या शब्दांवर विसंबणे धोक्याचे असते. याची परीक्षा सोपी आहे. विक्रेत्याला मोटार बंद ठेवून यंत्र चालू करावयास सांगावे आणि वर-खाली नेणारी दांडी हळूहळू सरकवावी. तिन्ही सर्व्हो एकदम हलून पात्यांचा कोन बदलताना डोळ्यांना दिसला, तर यंत्र सामूहिक कोनाचे. पाती तशीच राहिली, तर ते साधे खेळणे समजावे.

तिसरी गोष्ट म्हणजे हातातला ट्रान्समीटर. यंत्रे येतात, मोडतात, विकली जातात. चांगला ट्रान्समीटर मात्र वर्षानुवर्षे पुरतो. तेव्हा तो यंत्राबरोबर आलेल्या हलक्या प्रतीचा न घेता, अनेक यंत्रांच्या जुळण्या लक्षात ठेवणारा आणि संगणकाला जोडता येणारा घ्यावा. संगणकाला जोडण्याचे कारण असे, की संगणकावर हेलिकॉप्टर उडवण्याचा सराव देणारे 'सिम्युलेटर' मिळतात. त्यात शंभर वेळा यंत्र पडले तरी एक पैसा खर्च होत नाही. पैसे थोडे असतील तर आधी ट्रान्समीटर व सिम्युलेटर घ्यावे आणि यंत्र दोन महिन्यांनी घ्यावे. धीर धरणाऱ्याचा यात तोटा नाही.

वायुदलाची शिस्तही हीच आहे. बीदरच्या तळावर हॉक या जेट विमानावर बसणारा तरुण पहिल्याच दिवशी तेथे येत नाही. त्याआधी त्याने साध्या शिकाऊ विमानावर अनेक तास घालवलेले असतात. पायऱ्या गाळून वर चढण्याची मुभा जेथे वायुदलाच्या उमेदवाराला नाही, तेथे ती अंगणातल्या शिकाऊ चालकाने का घ्यावी? यंत्राची शेपटी आपल्याकडे ठेवून ते कमरेइतक्या उंचीवर स्थिर धरणे, ही पहिली पायरी. ते आडवे ठेवून स्थिर धरणे ही दुसरी. तोंड आपल्याकडे करून स्थिर धरणे ही तिसरी आणि सर्वांत अवघड, कारण त्या स्थितीत उजवे-डावे उलटे होते. एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. ट्रान्समीटरवर मोटार तोडणारी कळ असते. यंत्र हातचे जाते आहे असे वाटताच प्रथम ती कळ दाबावी. थांबत आलेली पाती जमिनीला लागली तर नुकसान थोडे होते. पूर्ण जोरात फिरणारी लागली तर दंतचक्र आणि सर्व्होही जातात.

आपल्या भागाची हवाही ध्यानात घ्यावी लागते. बीदर समुद्रसपाटीपासून सुमारे ६६० मीटर उंचावर आहे. उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर गेला, की येथील हवा समुद्रकाठच्या थंड हवेपेक्षा सुमारे १५ टक्के विरळ होते. विरळ हवेत पाती तितकाच भार उचलण्यासाठी अधिक श्रम करतात, बॅटरी लवकर उतरते आणि मोटार तापते. म्हणून वैशाखात पहाटे, वारा सुटण्यापूर्वी सराव करावा. लिथियम-पॉलिमर बॅटरी उन्हात किंवा बंद मोटारगाडीत ठेवू नये, तिचे चार्जिंग चालू असता घर सोडून जाऊ नये, आणि फुगलेली बॅटरी पुन्हा कधीही वापरू नये. अशा बॅटरीने पेट घेतला तर ती आग सहज विझत नाही.

शेवटी जागेचा प्रश्न. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय असे यंत्र उडवता येत नाही. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ६० मीटरपर्यंत आणि त्यापलीकडे, इतर मनाई नसेल तेथे, १२० मीटरपर्यंत मुभा आहे. लष्करी तळांच्या बाबतीत मनाई अधिक कडक असते. बीदर शहर तर तळाला लागूनच आहे. तेव्हा तेथील मुलाने गच्चीवरून यंत्र उडवण्याचा विचारही करू नये. घरात सिम्युलेटरवर हात बसवावा आणि सुटीत भालकी-बसवकल्याणकडे एखाद्या नातेवाइकाच्या मोकळ्या शेतात, सरकारी हवाई नकाशा पाहून, ते न्यावे. वर विमानात बसलेला शिकाऊ वैमानिकही कोणाचा तरी मुलगाच असतो.

थोडक्यात, ज्याचे भाग देशात मिळतात असे चिमुकले यंत्र, टिकाऊ ट्रान्समीटर, सिम्युलेटरचा भरपूर सराव आणि मोकळी, कायदेशीर जागा, एवढी तयारी असली म्हणजे पुरे. इतके सांभाळले तर यंत्र पडेल, पण पुन्हा उठेल. दोन रुपयांचा स्क्रू बसवून आपले मोडलेले यंत्र स्वतः दुरुस्त करणारा मुलगा पाते, कोन, वेग आणि भार यांचे धडे पुस्तकाआधी हाताने शिकतो. राज्यात गुब्बीजवळ हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा हेलिकॉप्टरांचा कारखाना २०२३ साली सुरू झाला आहे. तेथे लागणारे हात अशाच अंगणांतून घडावयाचे असतात. कपाटावरच्या त्या खोक्याने एखाद्या मुलाचा धीर खचवला, तर नुकसान केवळ आठ हजारांचे होत नाही. म्हणून खरेदीपूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांनी मुलासोबत तासभर बसावे आणि सात सुट्या भागांचे भाव एका कागदावर लिहून काढावेत.