सायकल, अर्धशायी

सायकल, अर्धशायी : चालकाने आसनावर मागे रेलून व पाय पुढे पसरून चालवावयाची सायकल. ती ‘रिकंबंट’ या नावानेही ओळखली जाते. चालकाचा हवेस अडणारा छेद लहान होत असल्याने सपाट रस्त्यावर तेवढ्याच श्रमात नेहमीच्या सायकलीपेक्षा अधिक वेग मिळू शकतो. तसेच मनगटे, मान व बैठक यांवरील भार कमी होतो. फ्रान्समधील शार्ल मोशे यांनी तयार केलेल्या अशा सायकलीवर फ्रान्सिस फोर यांनी ७ जुलै १९३३ रोजी एका तासात ४५·०५५ किमी. अंतर तोडले. ऑस्कर एग यांचा १९१४ मधील ४४·२४७ किमी.चा विक्रम त्यामुळे मागे पडला. तथापि आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने १९३४ मध्ये शर्यतीच्या सायकलीची व्याख्याच अशी केली, की हा प्रकार अधिकृत स्पर्धांबाहेर राहिला. कारखान्यांचे लक्ष त्याकडे फारसे न गेल्याने अशी सायकल पुष्कळदा सुटे भाग निवडून जुळवावी लागते.

चाके : नेहमीच्या सायकलीवर खड्डा येताच चालक बैठकीवरून किंचित उठतो. अर्धशायी सायकलीवर हे शक्य नसल्याने धक्का टायर व आसन यांनाच सोसावा लागतो. पाय पुढच्या चाकावरून न्यावयाचे असल्याने ते चाक बहुधा लहान ठेवतात. लहान चाक मजबूत व हलके असते. मात्र ते खड्ड्यात अधिक खोल जाते आणि खडबडीत रस्त्यावर त्याचा लोटन-रोध वाढतो. यावर उपाय म्हणून ३५ ते ५० मिमी. रुंदीचे टायर वापरतात.

टायरची निवड इंचांवरून करणे धोक्याचे असते. ‘२० इंची’ म्हणून विकले जाणारे टायर ४०६ मिमी. किंवा ४५१ मिमी. व्यासाच्या धावेचे असू शकते व ही दोन्ही परस्परांना बसत नाहीत. ‘२८ × १ १/२’ हे साध्या काळ्या सायकलीचे टायर ६३५ मिमी. धावेचे, तर शर्यतीच्या सायकलीचे ६२२ मिमी. धावेचे असते. म्हणून टायरच्या बाजूवरील ‘४०–४०६’ यासारखा अंक पाहावा. त्यातील पहिला आकडा रुंदी व दुसरा धावेवरील बसण्याचा व्यास मिलिमीटरमध्ये दर्शवितो. मुलांच्या सायकलींची रुंद २० इंची टायर बहुधा ४०६ मिमी.ची असल्याने लहान गावीही ती मिळण्याची शक्यता अधिक असते.

दंतचक्रे व साखळी : ४०–४०६ टायरच्या चाकाचा परिघ सुमारे १·५३ मी., तर २८–६२२ चा सुमारे २·१३ मी. असतो. पुढे ५२ व मागे १२ दाते असल्यास पायांच्या एका फेऱ्यात पहिले चाक ६·६ मी., तर दुसरे ९·२ मी. पुढे जाते. म्हणून मागील चाक लहान असल्यास पुढील दंतचक्र मोठे घ्यावे लागते. चढावर पॅडलवर उभे राहता येत नसल्याने हलका गिअरही हवा. परंतु ३० व ३२ दात्यांच्या जोडीने या लहान चाकास मिनिटाला ६० फेऱ्यांत ताशी सुमारे ५ किमी. इतकाच वेग मिळतो व त्या वेगात तोल सांभाळणे कठीण जाते. पॅडल पुढे असल्याने साखळीची लांबी नेहमीच्या दोन ते तीन साखळ्यांइतकी होते. ती वळविणारी कप्पी फिरत्या धारव्यावर (बेअरिंगवर) बसविलेली असावी. ताणाच्या बाजूस घर्षण झाल्यास श्रम वाया जातात.

खानदेशातील परिस्थिती : तापी खोऱ्यातील सपाट प्रदेश या सायकलीस अनुकूल आहे. बोरी नदीकाठच्या अमळनेरहून धुळे, पारोळा, चोपडा या दिशांना जाताना मोठे घाट लागत नाहीत. चाळीसगाव–कन्नड घाटात मात्र हलक्या गिअरची गरज भासते. बाभळीचे काटे व रस्त्याच्या कडेचा सराटा यांमुळे आत संरक्षक पट्टा असलेले टायर घेणे हिताचे असते. त्याने वजन व लोटन-रोध थोडा वाढतो. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकास चिकटत असल्याने टायर व चिखलरोधक यांत पुरेशी मोकळी जागा ठेवतात. उन्हाळ्यात टायरमधील हवा २७° से.वरून ५७° से.पर्यंत तापल्यास तिचा निरपेक्ष दाब सुमारे १०% वाढतो. म्हणून उन्हात निघताना टायर कमाल दाबापर्यंत भरीत नाहीत. चालक जमिनीलगत असल्याने मालमोटारीच्या चालकास तो सहज दिसत नाही. यासाठी आसनामागे उंच काठीवर भडक रंगाचे निशाण लावतात.